निरीक्षण पुन्हा घ्यावे

सरांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू असायच्या: निळा पेन, लाल पेन आणि स्टीलचा चमचा. पेनांना टोपणं होती, चमच्याला नव्हतं, म्हणून तो रुमालाच्या घडीत गुंडाळून उभा केलेला असे. आठवीच्या पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, चमचा कशाला?" सर गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टरच्या गळ्यात नळी असती का न्हाई? तसं." ते आम्हाला विज्ञान शिकवायचे.

अंबडच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक त्यांच्या खोलीत बसून डबे खायचे. सर मात्र आमच्या वर्गात यायचे आणि रांगेतून फिरत प्रत्येक डब्याशी थांबायचे. "नमुना," एवढंच म्हणायचे. चमच्यानं भाजी स्वतःच्या तळहातावर घ्यायची आणि तळहातावरून तोंडात टाकायची, कारण उष्टा चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालणं हा त्यांच्या भाषेत 'प्रयोगातला दोष' होता. मग डोळे मिटून निकाल. "मीठ बराबर. तेल जादा. आईला सांग, लसूण जळून राह्यला."

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई भडकली. "मास्तर हाय का आचारी?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं शेपूची भाजी अशी निगुतीनं केली की दिवाळीलाही केली नसती, आणि संध्याकाळी मी दप्तर टेकवायच्या आत विचारलं, "काय म्हणले आज?" 'बिलकुल बराबर' हा सरांचा सर्वात मोठा शेरा. तो मिळाला त्या संध्याकाळी आई झोपेपर्यंत गुणगुणत होती.

आम्ही पोरं त्यांना 'चमचा सर' म्हणायचो. इथपर्यंत ठीक होतं. 'फुकट्या चमचा' हे पुढचं नाव मी ठेवलं. वर्ग खूप हसला होता. मला त्या हसण्याची चटक लागली, आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात बहुतेक तिथेच होती.

सर मूळचे वाटूरचे. अंबडला खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावाकडे जायचे. जगातल्या कुठल्याही गोष्टीचे त्यांच्या लेखी पाच भाग होते: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीत आपण लिहितो तेच. फरक इतकाच की सर प्रयोगवहीच्या बाहेरही तसेच जगायचे. एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला. उद्देश : मेहुण्याच्या लग्नास हजर राहणे. साहित्य : एक पत्नी, दोन मुले, एक आहेर. कृती : एसटीने जाणे. निरीक्षण : परत आल्यावर कळवीन. अनुमान : जेवण चांगले असणार. मुख्याध्यापकांनी तो अर्ज शिपायाच्या हाती परत पाठवला. सरांनी 'अनुमान' खोडलं आणि खाली लिहिलं, 'अनुमान आधी लिहिणे ही माझी चूक झाली.'

त्या चुकीचा त्यांना खरोखरच राग यायचा. "अनुमान आधी ठरवायचं अन् मंग निरीक्षण त्याला जुळवायचं, हा धंदा आपला न्हाई," असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत.

मी तो धंदा करताना पकडले गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल बघायची होती. रांग मोठी, माझा नंबर शेवटचा, घंटा व्हायला आली होती. मी डोळा लावल्यासारखं केलं आणि पुस्तकातल्या आकृतीसारख्या सुबक विटा-विटांच्या पेशी काढून मोकळी झाले. सरांनी वही पाहिली.

"दिसलं का?"

"हो सर."

"सगळं असंच दिसलं?"

"हो सर. बिलकुल असंच."

"खालचा आरसा उलटा हाय," सर म्हणाले. "मघाशीच कोणाचा तरी धक्का लागला. तुला अंधार दिसायला पाह्यजे व्हता."

वर्ग हसला. यावेळी मला. सरांनी लाल पेनानं समासात लिहिलं, 'निरीक्षण पुन्हा घ्यावे.' मी रडकुंडीला येऊन आकृती खोडली, पुन्हा डोळा लावला आणि खाली लिहिलं, 'अंधार दिसला.' त्यांनी मला दहापैकी दहा दिले. आरसा सरळ करून बघू का, असं विचारायचंही मला सुचलं नाही. ते त्यांनीच केलं, आणि घंटा होऊन गेल्यावरही मला पोटभर बघू दिलं.

आता पिझ्झ्याबद्दल.

पिझ्झा हा शब्द अंबडमध्ये तेव्हा टीव्हीतून आला होता, पदार्थ यायचा होता. जाहिरातीत एक पोरगी तुकडा उचलायची आणि तिच्या तोंडापासून ताटलीपर्यंत पांढरी तार लोंबायची. एका सोमवारी सर वर्तमानपत्राच्या पुरवणीचं पान घेऊन आले. त्यात पिझ्झ्याची कृती छापली होती आणि तिच्यावर त्यांनी लाल पेन चालवला होता. मैदा खोडून 'ज्वारी'. यीस्ट खोडून 'गरज नाही, भाकर आपोआप फुगते'. ओव्हन खोडून 'तवा'. चीज खोडून मात्र नुसतंच प्रश्नचिन्ह.

"पिझ्झा म्हंजे काय, शास्त्रज्ञहो?" त्यांनी आम्हाला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "परदेशातल्या एका माणसाच्या हातून भाकरीवर कालवण सांडलं, अन् त्यानं ते पुसलं न्हाई. बस्."

दर बुधवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टोव्ह पेटायचा. आम्ही प्रत्येकानं घरून सकाळची एक भाकरी आणायची. कुणी टोमॅटो, कुणी कांदा, कुणी दूध. दुधात लिंबू पिळून ते नासवायचं, म्हणजे 'दुधातील प्रथिनांचे साकळणे' हा अभ्यासक्रमातला प्रयोगही व्हायचा. तव्यावर तेल, त्यावर भाकरी, भाकरीवर लसणाची चटणी, कांदा-टोमॅटो आणि वर तो पांढरा चोथा. झाकण. खालून भाकरी कडक व्हायची, वरून मऊ. मी पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ पिझ्झे खाल्ले. तो वास आणि ते चराचरा वाजणं पुन्हा मिळालं नाही.

एकच रड होती. "सर, तार येत न्हाई," पोरं ओरडायची. चोथ्याला तार कुठली येणार! सर वाकून, चष्मा वर करून बघायचे आणि वहीत नोंद करायचे. पुढच्या बुधवारी दूध जास्त, लिंबू कमी. त्याच्या पुढच्या बुधवारी दह्यानं नासवलेलं. तार काही आली नाही.

भाकऱ्या तव्यावर जायच्या आधी सर एक काम न चुकता करायचे. सगळ्यांच्या भाकऱ्या एका टोपल्यात घेऊन पत्ते पिसावेत तशा पिसायचे. कुणाची कोणती ते कळता कामा नये. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "नमुन्यावर नाव असलं की निरीक्षण बिघडतं." आमच्या वर्गात मोंढ्यातल्या दुकानदारांची पोरं होती, शेतकऱ्यांची होती, मजुरांची होती. सगळ्या आळ्यांतली होती. सर काय करत होते ते तेरा वर्षांच्या आम्हालाही कळत होतं. पण त्याचं एवढं मजेदार नाव असल्यावर कोण बोलणार!

पिसूनही एक भाकरी ओळखू यायची. सुजाताची. तिच्या आईची भाकरी कागदासारखी पातळ, कडेपर्यंत पदर सुटलेला, वर बोटांचे ठसेसुद्धा नाहीत. माझ्या आईच्या भाकरीला तिच्यापुढे जाडजूड गोवरी म्हणायची वेळ यायची. सुजाता माझ्याच बाकावर बसायची. एका बुधवारी मी टोपल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सर, मला ती." सर म्हणाले, "नमुना निवडायचा नसतो." मी हट्ट केला. त्यांनी तिची अर्धी मला दिली, अर्धी सुजाताला. मी ती खाल्ली, आणि सुजाताच्या ताटलीतला अर्धा तुकडा उरला होता तोही मागून घेतला. सुजाता लाजली. "मायला सांगते," म्हणाली.

संध्याकाळी मीही घरी सांगितलं. हौसेनं. सुजाताच्या आईच्या भाकरीचा पिझ्झा काय झाला होता म्हणून सांगू! आईचा हात परातीत थांबला. वडील पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"कोणती सुजाता?"

मी तिच्या वस्तीचं नाव सांगितलं. आमच्या घरात जातीवरून कधी कुणी वाईट शब्द उच्चारला नव्हता. त्या वस्तीतल्या घरचं पाणी पिण्याची वेळ कधी आली नव्हती, एवढंच. माझ्या घरच्यांना मी ओळखते असं मला वाटत होतं. ते त्या संध्याकाळी संपलं.

"तू मागून खाल्ली," वडिलांनी सावकाश विचारलं, "का मास्तरांनी खाऊ घातली?"

प्रश्नातच सुटकेची वाट होती. मी तीच धरली. "सर देतात. खावंच लागतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शाळेत आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, कागद पुढे सारला आणि म्हणाले, "जे घडलं ते लिही. भिऊ नको." वडील माझ्या मागे उभे होते. मी सवयीनं डावीकडे समास सोडला आणि लिहिलं : 'काल सरांनी मला जबरदस्तीने भाकरी खायला लावली. ती कोणाची आहे हे मला माहीत नव्हते. मी नको म्हणाले होते.' खाली नाव आणि इयत्ता.

सरांना बोलावणं गेलं. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता आरसा उलटा आहे म्हणतील. म्हणाले नाहीत. "अक्षर चांगलं हाय," एवढंच म्हणाले, आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "याची एक झेरॉक्स मिळंल का मला?"

मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं होतं. मी वर्गात आले तेव्हा सुजाता आमच्या बाकावर बसली होती. तिच्यापुढे भाकऱ्यांचं फडकं होतं, नेहमीपेक्षा जरा जाडच, गाठ न सोडलेलं. तिनं मला हळूच विचारलं, "तुला न्हवती आवडली का भाकर?"

सगळा वर्ग ऐकत होता.

"न्हाई," मी म्हणाले.

ती उठली आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. दहावी संपेपर्यंत तिथेच बसली. पत्र्याच्या शेडला कुलूप लागलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आलेच नाहीत. संस्थेची आणखी एक शाळा होती, आडवळणाच्या गावी, एसटी दिवसातून एकदा जाणारी. तिथे त्यांना पाठवलं, तेही विज्ञानाला नाही. आमच्या डब्यांना शेरे मिळायचे बंद झाले. आईनं एकदा चुकून विचारलं, "काय म्हणले आज?" आणि ती लगेच माझा डबा घासायला घेऊन गेली.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही. विसरले असते तर मागच्या वर्षी जे केलं ते केलं नसतं.

मी आता जुन्या जालन्यात राहते. मुलीच्या शाळेत पालकांसाठी पौष्टिक डबा स्पर्धा होती. मी ज्वारीच्या भाकरीचा पिझ्झा केला. लसणाची चटणी, कांदा-टोमॅटो, वर विकतचं चीज. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळाला. परीक्षकबाईंनी माइकवरून विचारलं, "इतकी सुंदर कल्पना सुचली कशी तुम्हाला?"

"अशीच," मी म्हणाले. "सहज सुचली."

टाळ्या वाजल्या. मुलगी पहिल्या रांगेतून अभिमानानं बघत होती. मी हसून डब्यासकट फोटो काढून घेतला. तो शाळेच्या ग्रुपवर गेला, तिथून स्थानिक पेपरात.

चार दिवसांनी दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "फोटो पाह्यला," पलीकडून आवाज आला. म्हातारा झाला होता, तरी ओळखला. हातातली बशी मी नीट खाली ठेवली. "एकच विचारायचं व्हतं. तार आली का?"

मी काय बोलले ते आठवत नाही. माझा फोटो आणि नंबर त्यांना कुणी दिला ते मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. "सुजातानं. जुन्या पोरांकडून तिनं मिळवला. ती फोन करत असती. पुण्याला हाय, मोठी इंजिनियर झाली."

त्या रविवारी मी पिझ्झा डब्यात घालून वाटूरला गेले. फाट्यापासून घर जवळच होतं. सर ओसरीवर बसले होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन आणि रुमालात चमचा. मी वाकून नमस्कार करेपर्यंत त्यांचा हात पुढे आलेला होता.

"नमुना."

एक तुकडा तळहातावर घेऊन त्यांनी डोळे मिटून खाल्ला. "चटणी बराबर. चीज इकतचं?"

"हो सर."

"मंग तार बी इकतचीच," ते म्हणाले आणि एकदम उत्साहानं उठले. "माझी सापडली. ये, दाखवतो."

आत चुलीवर कोमट दुधाचं पातेलं होतं. "आपली चूक कुठं व्हती माहितंय? तुम्ही समदे घरून तापवलेलं दूध आणायचे. आपल्याकडं दूध घरात आलं की आधी उकळी. अन् मी त्याच दुधात तार हुडकून राह्यलो. पुढं दुभती म्हैस दारात बांधली तवा कळलं. दूध कच्चंच घ्यायचं. बोट बुडवता येईल इतकंच गरम करायचं." त्यांनी व्हिनेगर घातलं, गोळा बांधला, गरम पाण्यात मळला, दोन्ही हातांनी ओढला. हातभर तार आली. सर लहान पोरासारखे हसले. मला रडू आलं.

"सर, तेव्हा मी खोटं लिहिलं."

"माहीत हाय," ते म्हणाले. हात पुसत पलीकडच्या खोलीत गेले आणि एक जुनी प्रयोगवही घेऊन आले. तिच्यात माझ्या कागदाची झेरॉक्स घडी घालून ठेवलेली होती. माझं सुबक अक्षर, डावीकडे सोडलेला समास. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'निरीक्षण पुन्हा घ्यावे.'

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? तुमची बदली झाली, तुमचं विज्ञान गेलं..."

"बाप मागं उभा व्हता तुझ्या," सर म्हणाले. "तेरा वर्षाच्या पोरीला मी काय म्हणू, खोटं बोललीस? बदलीचं काय, पोरं तिथंबी व्हती. त्यांचे डबेबी व्हते." मग त्यांनी खिशातला निळा पेन काढून माझ्यापुढे धरला.

मी ओसरीवर बसून त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलं. सुजाताच्या आईची भाकरी मला ओळखू आली होती. ती मी मागून घेतली. सुजाताच्या ताटलीतलीही मागून घेतली. नको असं मी एकदाही म्हणाले नाही. ते लिहायला मला फार वेळ लागला. मी कागद सरांपुढे धरला. त्यांनी वाचला, पण लाल पेन काढला नाही.

"हे तपासणं माझं काम न्हाई," ते म्हणाले. "भाकर कोणाची व्हती?"

त्यांनी स्वतःच नंबर लावला आणि फोन माझ्या हातात देऊन पातेलं घासायला आत निघून गेले.

"बोला सर," पलीकडून आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. काय बोलायचं ते मी कागदावर लिहिलं होतं, पण त्यातलं काही वाचलं नाही.

"सुजाता, भाकरी आवडली होती," मी म्हणाले. "मी दोनदा मागून घेतली होती."

"मला माहितंय," ती म्हणाली. "मी त्याच संध्याकाळी मायला सांगितल्तं. म्हणून दुसऱ्या दिवशी फडक्यात एक भाकर जादा होती. तुझी."